दगडाचं मॉडेल, मातीचं शहर

स्वाहिली भाषेत 'झमानी' म्हणजे पूर्वीचा काळ. शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे तोच 'जमाना' होऊन आला. केप टाऊन विद्यापीठात हाइन्झ रूथर ह्या भूमापनाच्या प्राध्यापकानं सुरू केलेल्या प्रकल्पाचं नावही हेच आहे : झमानी प्रोजेक्ट. आफ्रिकेतल्या ऐतिहासिक वास्तू लेझर स्कॅनरनं मोजायच्या, त्यांची त्रिमितीय मॉडेल्स बनवायची आणि ती पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायची, असं हे काम. टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळची दोन बेटं, किल्वा किसिवानी आणि सोंगो म्नारा, ह्या प्रकल्पात मोजली गेली आहेत. जानेवारी २०२०मध्ये गूगलच्या कला-संस्कृती विभागानं सायआर्क ही कॅलिफोर्नियातली संस्था आणि इकोमॉस ह्यांच्यासोबत 'हेरिटेज ऑन द एज' नावाचं ऑनलाइन प्रदर्शन उघडलं. हवामानबदलामुळे धोक्यात आलेली पाच ठिकाणं त्यात आहेत : रापा नुई, एडिंबरा, बांगलादेशातलं बागेरहाट, पेरूमधलं चान चान आणि किल्वा.

म्हणजे आज तुमच्या हातातल्या फोनवर किल्व्याची मोठी मशीद उघडते. अंगठ्यानं ती फिरवता येते, दोन बोटांनी मोठी करता येते.

ह्या लेखात मला अशा मॉडेलांचं परीक्षण करायचं आहे, एखाद्या पुस्तकाचं करतात तसं. तंत्रज्ञानाच्या बातम्यांमध्ये अशा कामाचं बहुधा नुसतं कौतुक होतं : 'आता घरबसल्या पाहा'. तज्ज्ञांच्या नियतकालिकांमध्ये चर्चा असते ती अचूकतेची. ह्या दोन्हींच्या मध्ये एक प्रश्न राहून जातो : हे मॉडेल त्या शहराबद्दल काय म्हणतं? पुस्तक काही सांगतं आणि काही गाळतं, हे आपल्याला ठाऊक असतं. मॉडेलकडे पाहताना मात्र ते विसरायला होतं, कारण मॉडेल मोजमापासारखं दिसतं. मोजमापाशी वाद कोण घालणार?

मी किल्व्याला गेलेले नाही. माझ्याकडे आहेत ती पुस्तकं, उत्खननांबद्दलचं लेखन आणि ही मॉडेल्स. तुमच्यापैकीही बहुतेकांचं असंच असणार. आपल्यासारख्यांसाठी किल्वा म्हणजे ही फाइलच आहे, आणि म्हणूनच ती नीट वाचायला हवी.

यमकातली नाणी

आधी शहराबद्दल थोडं. 'किसिवानी' म्हणजे 'बेटावरचं'. मुख्य भूमीपासून होडीनं सहज गाठता येईल इतक्या जवळच्या ह्या बेटावर अकराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत पूर्व आफ्रिकेतलं एक अत्यंत श्रीमंत बंदर होतं. आजच्या झिंबाब्वेच्या पठारावरचं सोनं सोफाला बंदरात यायचं आणि तिथून किल्व्यामार्गे हिंदी महासागरात जायचं. उलट दिशेनं यायचं भारतातलं कापड, काचेचे मणी, चिनी मातीची भांडी. मोठ्या मशिदीचं बांधकाम अकराव्या शतकात सुरू झालं आणि पुढच्या काही शतकांत ती वाढत, कोसळत, पुन्हा बांधली जात राहिली. सुलतान अल-हसन इब्न सुलेमान ह्यानं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्राकाठच्या कड्यावर हुसुनी कुब्वा नावाचा राजवाडा बांधला. त्यात शंभराहून जास्त दालनं होती आणि एक अष्टकोनी जलकुंड होतं.

किल्व्याचे सुलतान तांब्याची नाणी पाडत. नाण्याच्या दोन बाजूंवरचा मजकूर एकमेकांशी यमक जुळवतो : एका बाजूला सुलतानाचं नाव, दुसऱ्या बाजूला देवावरच्या विश्वासाचे शब्द. अल-हसनचं असं एक नाणं ग्रेट झिंबाब्वेच्या अवशेषांमध्ये सापडलं आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जिथून सोनं येत होतं तिथे.

१५०५च्या जुलैमध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा हा पोर्तुगीज सरदार आरमार घेऊन आला आणि त्यानं शहर लुटलं. पोर्तुगिजांनी किनाऱ्यावर एक किल्ला बांधला आणि १५१२मध्ये तो सोडूनही दिला. आज तिथे दिसणारी इमारत पुढच्या ओमानी काळातली आहे. तिला 'गेरेझा' म्हणतात, स्वाहिलीत ह्याचा अर्थ तुरुंग. हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून, म्हणजे चर्चवरून आला असं मानतात. त्याच शब्दाचं गोव्यात 'इगर्ज' झालं. एकाच शब्दानं एका किनाऱ्यावर प्रार्थनाघर उभं केलं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर कोठडी.

युनेस्कोनं १९८१मध्ये किल्वा किसिवानी आणि सोंगो म्नारा ह्यांचे अवशेष जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २००४मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेले, आणि डागडुजी व संरक्षणाच्या कामांनंतर २०१४मध्ये तिथून बाहेर आले.

स्कॅनर काय करतो

लेझर स्कॅनर तिवईवर ठेवतात. तो गोल फिरत प्रकाशाचे ठोके पाठवतो. ठोका भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ह्यावरून भिंत किती लांब ते कळतं. एका जागेवरून असे लाखो बिंदू मिळतात. मग तिवई दुसरीकडे हलवायची, पुन्हा मोजायचं, आणि अशी कितीतरी स्थानकं संगणकावर एकमेकांना जुळवायची. त्यातून तयार होतो बिंदूंचा ढग. वरून ड्रोनची आणि जमिनीवरून कॅमेऱ्याची शेकडो छायाचित्रं घेऊन त्यांच्या परस्परांवर येणाऱ्या भागांतूनही आकार काढता येतो. ढगातले बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी विणली जाते, आणि जाळीवर छायाचित्रांतला रंग पांघरला जातो. फोनवर आपल्याला दिसतं ते ह्या सगळ्याचं पातळ केलेलं रूप. मूळ फाइल इतकी अवजड असते की फोन ती उघडूच शकणार नाही.

ह्याचा उपयोग खरा आहे, आणि त्याबद्दल आढेवेढे घेण्यात अर्थ नाही. गेरेझा समुद्राला अगदी लागून आहे. हुसुनी कुब्वाचा कडा लाटा खालून पोखरतात. पावसात चुन्याचा दर्जा विरघळतो, उंबर-वडाच्या जातीची झाडं भिंतींत मुळं घालतात. आज मोजलेली भिंत आणि पाच वर्षांनी मोजलेली भिंत एकमेकींवर ठेवली, की काठ नेमका कुठे आणि किती खचला, भिंत कोणत्या बाजूला कलली, गिलावा कुठून सुटला हे मिलिमीटरच्या हिशेबात सांगता येतं. पैसे मोजके असतील तर आधी कोणत्या कोपऱ्याला टेकू द्यायचा हे ठरवायला अशा पुराव्याची गरज असते. सायआर्कचे संस्थापक बेन काकिरा मूळचे इराकमधल्या मोसुलचे आणि वाहून नेता येण्याजोगा लेझर स्कॅनर घडवणाऱ्यांपैकी एक. २००१मध्ये तालिबाननं बामियानचे बुद्ध फोडले आणि २००३मध्ये त्यांनी ही संस्था काढली. जे फोडलं जाऊ शकतं, वाहून जाऊ शकतं, त्याची नोंद तरी असावी, ह्या इच्छेशी माझा वाद नाही.

वाद सुरू होतो तो ही नोंद 'पूर्ण' आहे असं आपण समजायला लागतो तिथे.

प्रकाश जिथे आपटतो तिथेच शहर असतं का?

लेझरला पृष्ठभाग दिसतो, आणि तोही आज उभा असलेला. किल्व्यात आज उभं काय आहे? प्रवाळाचा दगड आणि प्रवाळ भाजून केलेला चुना. मशिदी, राजवाडे, धनिकांची घरं, थडगी. म्हणून मॉडेलमधलं किल्वा हे दगडी शहर आहे.

पण स्वाहिली शहरांमधली बरीचशी माणसं दगडी घरांत राहत नव्हती. लाकडाच्या खांबांत कुड विणायचा, तो मातीनं लिंपायचा आणि वर माडाच्या झावळ्या शाकारायच्या, अशी त्यांची घरं होती. ती पावसात विरघळली, जमिनीला मिळाली. त्यांच्यावर आपटून परत यायला प्रकाशाला काही उरलेलंच नाही.

ही नुसती कल्पना नाही. केनियाच्या पाटे बेटावर शांगा नावाचं उजाड गाव आहे. मार्क हॉर्टन ह्यांनी १९८०च्या दशकात तिथे उत्खनन केलं. दगडी मशिदीच्या जमिनीखाली त्यांना आणखी जुन्या मशिदी एकाखाली एक मिळाल्या, आणि सगळ्यांत खालची, आठव्या शतकातली, लाकडी खांबांची होती. वरची दगडी मशीद स्कॅन केली तर एक देखणं मॉडेल मिळेल. त्याखालची पिढ्यान्‌पिढ्यांची चढती ओळ, म्हणजे लाकडापासून दगडापर्यंत जाणारा एका गावाचा प्रवास, त्या मॉडेलमध्ये कुठेच नसेल.

सोंगो म्नाराचंही तसंच. दगडी घरं, मशिदी आणि भोवतीची तटबंदी पाहून ते संपूर्ण दगडी गाव वाटतं. तटाच्या आत मोठ्या मोकळ्या जागा आहेत, आणि मॉडेलमध्ये त्या नुसत्या मोकळ्याच दिसतात, जणू तिथे काही नव्हतंच. स्टेफनी विन-जोन्स आणि जेफ्री फ्लायशर ह्यांनी २००९पासून ह्याच मोकळ्या जागांचा अभ्यास केला. जमिनीखालचे चुंबकीय फरक मोजून आणि मग खणून त्यांना तिथे कुडाच्या घरांचे माग मिळाले. मधल्या जागेतल्या कबरींपाशी लोकांनी ठेवलेली नाणी आणि गारगोटीचे खडे मिळाले. मॉडेलच्या भाषेत जी रिकामी जागा होती, ती गावाच्या भाषेत राहण्याची, पुरण्याची आणि आठवण काढण्याची जागा निघाली.

खुद्द किल्व्याबद्दलही एक मजेशीर साक्ष आहे. इब्न बतूता १३३१मध्ये तिथे आला होता. त्याला शहर फार सुंदर वाटलं, आणि त्याच्या वर्णनाच्या एका वाचनानुसार त्यानं ते लाकडाचं, गवती छपरांचं म्हटलं आहे. ह्या वाक्यावर अनुवादकांचं एकमत नाही. एवढी मोठी दगडी मशीद उभी असताना त्याला लाकूड कसं दिसलं, हा प्रश्न अभ्यासकांना पडत आला आहे. मला त्याचं सोपं उत्तर पटतं. तो माणसांनी भरलेलं शहर पाहत होता, आपण दगडांनी भरलेलं पाहतोय.

माती पुसली की शहर परकं होतं

ह्यात एवढं काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. दगड टिकतो, माती टिकत नाही, ह्यात स्कॅनरचा काय दोष?

बिघडतं ते असं. विसाव्या शतकाचा बराच काळ ही शहरं आफ्रिकेची मानली जात नव्हती. अरब किंवा इराणी लोक आले, त्यांनी आपली वास्तुकला आणली आणि आफ्रिकेच्या काठावर आपल्या वसाहती उभारल्या, अशी कथा होती. तिला आधारही होता : किल्व्याच्या बखरीत शिराझहून आलेला राजपुत्र बेटाला वेढा पडेल इतकं कापड देऊन ते बेट विकत घेतो. किल्व्यावरची दोन पायाभूत पुस्तकं पाहा. पीटर गार्लेक ह्यांच्या १९६६च्या पुस्तकाच्या नावात 'पूर्व आफ्रिकी किनाऱ्यावरची आरंभीची इस्लामी वास्तुकला' आहे. तिथे प्रदीर्घ उत्खनन केलेल्या नेव्हिल चिटिक ह्यांच्या १९७४च्या ग्रंथाच्या नावात 'पूर्व आफ्रिकी किनाऱ्यावरचं इस्लामी व्यापारी शहर' आहे. दोन्ही शीर्षकांत धर्म आहे, किनारा आहे. 'स्वाहिली' हा शब्द दोन्हींत नाही.

ही कथा पुढे मागे हटली ती मुख्यतः मातीमुळे. शांगासारख्या उत्खननांनी दाखवलं की दगडी गावं अचानक समुद्रातून उगवली नाहीत. मातीच्या गावांतूनच ती हळूहळू वाढली. भाषेच्या अभ्यासकांनीही तेच सांगितलं. स्वाहिलीत अरबी शब्द भरपूर आहेत, पण तिचा सांगाडा बांटू भाषांचा आहे. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. कागद, बाजार, सरकार, जमाना हे शब्द वापरतो म्हणून मराठी फारसीची वसाहत ठरत नाही. २०२३मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानं चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. किनाऱ्यावरच्या जुन्या दफनांतल्या अनेकांच्या वंशात निम्म्याहून जास्त वाटा आफ्रिकी आणि तो प्रामुख्यानं स्त्रियांकडून आलेला, तर आशियाई वाटा मोठा आणि तो बहुतांशी इराणी पुरुषांकडून आलेला. म्हणजे बखरीतला राजपुत्र अगदीच खोटा नव्हता. पण ज्या घरात तो आला ते घर आधीपासून होतं आणि ते बायकांचं होतं.

आता ह्या पार्श्वभूमीवर मॉडेल पुन्हा पाहा. माती नाही, कुड नाहीत, गवताची छपरं नाहीत. आहेत ते फक्त कमानी, घुमट आणि मिहराब. ज्या पुराव्यानं जुनी कथा मोडली नेमका तो पुरावा लेझरला दिसत नाही. मॉडेल बनवणाऱ्यांचा हेतू असा अजिबात नव्हता. झमानी प्रकल्पाची तर सगळी धडपड आफ्रिकेचा वारसा आफ्रिकेचा म्हणून नोंदवायची आहे. पण हेतू एक आणि यंत्राची नजर दुसरी, असं इथे झालं आहे. मॉडेलसोबत कुणी बोललं नाही तर ते गुपचूप १९६६ सालचंच वाक्य म्हणत राहतं.

हातानं काढलेली रेघ

गार्लेक ह्यांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ते वास्तुविशारद होते. त्यांनी ह्या किनाऱ्यावरच्या इमारतींचे आराखडे मोजून रेखाटले, आणि अजूनही ती रेखाटनं वापरली जातात. रेखाटन करणाऱ्याला प्रत्येक रेघेला निर्णय घ्यावा लागतो. ही भिंत मूळची की नंतरची? इथे दार होतं की भगदाड पडलंय? रेघ अखंड काढायची की तुटक? तुटक रेघ म्हणजे 'मला असं वाटतं' ही कबुली असते. वाचणारा तिच्याशी वाद घालू शकतो.

हेच गार्लेक पुढे ऱ्होडेशियात पुरातन वास्तूंचे निरीक्षक होते. ग्रेट झिंबाब्वे स्थानिक आफ्रिकी लोकांनीच बांधलं, ह्या मतावर ते ठाम राहिले. तिथल्या गोऱ्या सरकारला ते मानवणारं नव्हतं, आणि १९७०च्या सुमारास त्यांना देश सोडावा लागला. भिंत कुणी बांधली हा प्रश्न किती जळता असू शकतो ते ह्यावरून कळावं. त्या भिंतीची अचूक मापं दोन्ही बाजूंना मान्यच होती. भांडण मापांचं नव्हतंच.

स्कॅनर असा निर्णय घेत नाही. अकराव्या शतकातला दगड, पंधराव्या शतकातली दुरुस्ती आणि आत्ताआत्ता संवर्धनात भरलेला चुना, तिघेही त्याच्यासाठी सारखेच बिंदू. आणि जिथे प्रकाश पोचला नाही तिथे जाळीत भोक राहतं. भोक वाईट दिसतं, म्हणून बहुतेक वेळा सॉफ्टवेअर कडांचा अंदाज घेऊन ते बुजवतं. बुजवलेल्या जागेवर तुटक रेघ नसते. मोजलेलं आणि अंदाजलेलं एकाच रंगात, एकाच ठामपणे समोर येतं. २००९मध्ये सुधारलेल्या लंडन चार्टरनं वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी हाच आग्रह धरला आहे : पुरावा कोणता, अंदाज कोणता आणि तो कशाच्या आधारे, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. फोनवर फिरणाऱ्या मॉडेलांमध्ये हे कळण्याची सोय क्वचितच असते.

पुसली जाणारी आणखी एक गोष्ट आहे. स्कॅन चालू असताना समोरून माणूस गेला, बकरी गेली, तर ढगात त्याचे तुटक बिंदू उमटतात. तंत्राच्या भाषेत त्याला 'नॉइज' म्हणतात आणि ते साफ केलं जातं. झुडपांचंही तेच. कामाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, भिंत मोजायची असेल तर बकरी नको. पण किल्वा किसिवानीवर आजही गाव आहे. लोक मासेमारी करतात, अवशेषांच्या मधून ये-जा करतात. ते सगळे साफ झाल्यावर उरतं ते एक निर्जन, निःशब्द, बिनसावलीचं अवशेष-शहर. परदेशी प्रवासवर्णनांत अशा जागा नेहमी 'विस्मृतीत गेलेल्या' असतात. शेजारी राहणाऱ्यांना त्या कधीच विसरलेल्या नसतात. गूगलच्या प्रदर्शनाला एक श्रेय द्यायला हवं : त्यात मॉडेलच्या जोडीला आजच्या किल्व्यातली माणसंही आहेत. पण त्यांची जागा मॉडेलच्या बाहेर, बाजूच्या कथेत आहे. भिंती फिरवता येतात, माणसं वाचून पुढे सरकवायची.

चौलचा मणी

हे सगळं मराठीत कशाला, असा प्रश्न येऊ शकतो. त्याचं उत्तर अलिबागजवळच्या चौलमध्ये आहे. केनियाच्या किनाऱ्यावर सापडलेले काचेचे मणी आणि चौलला सापडलेली काच ह्यांची रासायनिक तुलना २००८मध्ये प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटेही होते. दोन्हीकडच्या काचेची जात जुळते. आणखी एक दुवा रक्ताचा आहे. किल्वा लुटणाऱ्या आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो १५०८मध्ये चौलच्याच समुद्रात झालेल्या लढाईत मारला गेला. आपलं बंदर आणि त्यांचा 'बंदारी', आपला नाखवा आणि त्यांचा 'नाहोधा', हे शब्दही त्याच पाण्यावरून आले.

हा मणी बोटाच्या पेराएवढाही नसतो. मशिदीच्या मॉडेलमध्ये तो दिसणं शक्यच नाही. पण मॉडेल पाहणाऱ्या मराठी वाचकाला किल्व्याशी जोडणारी गोष्ट घुमट नाही, हा मणी आहे. लहान, विकाऊ, वापरातल्या, हरवणाऱ्या वस्तूंनी हा समुद्र जोडला होता. मोठ्या, अचल, दगडी वस्तूंच्या संग्रहातून तो समुद्र समजणार नाही.

मग कसं असावं?

परीक्षणात नुसती नावं ठेवून भागत नाही. हे काम थांबवा असं मी म्हणत नाही. उलट, समुद्र थांबणार नाही तेव्हा ते वेगानं व्हावं. पण त्यात चार गोष्टी असाव्यात.

एक, मॉडेलमध्ये जमिनीखालचं दिसावं. जिथे उत्खनन झालंय तिथे खड्ड्याची जागा, थर, सापडलेले खांबांचे खळगे मॉडेलवरच नोंदवता येतात. रिकाम्या जागेवर बोट ठेवलं की 'इथे कुडाचं घर होतं' एवढं तरी कळावं. दोन, तुटक रेघ परत यावी. बुजवलेलं भोक वेगळ्या रंगात दाखवा. मॉडेल थोडं कुरूप दिसेल, पण खरं बोलेल. तीन, स्वाहिली भाषा मूळ मजकुराची असावी, जागांची गावातली नावं असावीत. किल्व्यातल्या शाळकरी पोराला स्वतःच्या गावाचं मॉडेल इंग्रजीतून वाचावं लागणं हे काही बरं नाही.

चार, फाइल कुठे राहते हे विचारलं पाहिजे. गूगलनंच २०१७मध्ये त्रिमितीय मॉडेल ठेवण्यासाठी पॉली नावाची सेवा सुरू केली होती. जून २०२१मध्ये ती बंद झाली. मशीद सातशे-आठशे वर्षं उभी आहे. तिची प्रतिकृती ज्या दुकानात ठेवायची ते चार वर्षंही टिकलं नाही. किल्व्याची पूर्ण, अवजड, मूळ फाइल टांझानियात, तिथल्या लोकांना उघडता येईल, वापरता येईल अशा ठिकाणी असायला हवी, आणि ती उघडायला शिकलेली माणसंही तिथे हवीत. परदेशी सर्व्हरवर पडलेली फाइल म्हणजे पुन्हा एकदा किनाऱ्यावरून माल उचलून नेल्यासारखंच आहे.

ह्याची घाई ह्यासाठी की मॉडेल आज इमारतीच्या शेजारी उभं आहे, उद्या कदाचित इमारतीच्या जागी असेल. हुसुनी कुब्वाचा कडा खचला तर पुढची पिढी फाइललाच राजवाडा म्हणेल. फाइलमध्ये जे नाही ते तेव्हा दुसऱ्यांदा हरवेल, आणि ह्या वेळी आपल्या देखत.

शेवटी एक माप सांगते. स्वाहिली दगडी घरांमधल्या खोल्या लांबट आणि अरुंद असतात, रुंदी जेमतेम अडीच ते तीन मीटर. स्कॅनर ही रुंदी मिलिमीटरपर्यंत सांगतो. ती तेवढीच का, हे सांगत नाही. छपराला खारफुटीच्या झाडाचे वासे लागत, स्वाहिलीत त्यांना 'बोरिती' म्हणतात, आणि चांगला वासा साधारण तेवढाच लांब मिळे. म्हणजे ह्या घरांचं मूळ माप झाडानं ठरवलेलं आहे. वासे कधीच कुजून गेले, भिंतीत त्यांची भोकं राहिली; ती भोकं मॉडेलमध्ये दिसतात. आणि आज लाटांपासून हाच किनारा वाचवायचा उपाय म्हणून पुन्हा खारफुटीच लावली जाते आहे. पाण्यातल्या चिखलात उभी राहून रोपं लावणारी माणसं आणि भिंतीतली ती भोकं एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. किल्व्याचं चांगलं मॉडेल मी त्याला म्हणेन, ज्यात त्या भोकावर बोट ठेवलं की ते झाड दिसेल.